मधल्या खुर्चीतली लेखिका

आमच्या नाटक कंपनीत मी जनावरं करते. शेळी, मांजर, एकदा अस्वल, आणि बहुतेक वेळा म्हैस. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर माझ्या देहाला शोभेलसा दुसरा उद्योग मला सुचत नव्हता आणि दिग्दर्शकाला चार पायांवर अर्धा तास टिकेल असं माणूस हवं होतं. गुडघे दुखतात, एवढं सोडलं तर माझी तक्रार नाही. जनावराच्या वाट्याला भाषणं येत नाहीत. माणसांच्या भूमिका करणाऱ्यांना शेवटी दोन शब्द बोलायला लावतात आणि ते दोनावर कधीच थांबत नाहीत.

कंपनी म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. सांगलीच्या विश्रामबागेत एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये आमच्या तालमी चालतात. दिग्दर्शक म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. दोन नट आहेत. एकाचं औषधांचं दुकान आहे, तो उंच आणि घाबरट. दुसरा कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे, तो बुटका आणि त्याहून घाबरट. ढोलकी वाजवणारा टेम्पोही चालवतो, त्यामुळे त्याच्या ठेक्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

आमचं काम असं. सातारा-सांगली भागातल्या शाळांना मास्तर कळवतात, की पाचवी ते सातवीच्या मुलांनी एक विनोदी गोष्ट लिहून पाठवावी. आलेल्यांतली एक आम्ही निवडतो, बसवतो आणि त्याच शाळेत जाऊन करून दाखवतो. मास्तरांचे नियम दोनच, पण ते मोडायची कुणाची टाप नाही. पहिला, मुलाच्या गोष्टीतलं एक अक्षरही बदलायचं नाही. दुसरा, ज्यानं लिहिलं त्याला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवायचं, आणि त्याला वाटलं तर त्यानं नाटक थांबवायचं.

मुलं खरंच थांबवतात. कोरेगावच्या बाजूला एका मुलाच्या गोष्टीत चोर कौलावरून पडतो. आमचा उंच नट ओरडत ओरडत पडला, तसा लेखक खुर्चीवर उभा राहिला. "असं न्हाई. आदी पडायचं, मग वरडायचं." नटानं पुन्हा पडून दाखवलं. दुसऱ्या खेपेला त्याचा खांदा लागला, पण लेखकाचं समाधान झालं.

आणि तात्पर्य. मुलांना कितीही सांगा की तात्पर्य लिहू नका, ती लिहितातच. त्याशिवाय गोष्ट पुरी झाली असं त्यांना वाटत नाही, आणि मार्क जातील ही भीती वेगळी. पण तात्पर्य गोष्टीला चिकटलेलं असावं असा काही त्यांचा आग्रह नसतो. जतच्या एका मुलीच्या गोष्टीत पाण्याच्या टँकरमध्ये मेंढी पडते, टँकर तिच्यासकट पुढच्या गावाला जातो आणि ते गाव तिला सरपंच करतं. तात्पर्य : मोठ्यांचा आदर करावा. आम्ही ते जसंच्या तसं म्हणतो. शेवटी चौघं ओळीनं उभे राहून गंभीर चेहऱ्यानं तात्पर्य म्हणतो, आणि सगळ्यांत मोठा हशा तिथंच होतो.

मुलांच्या विनोदाला लोक निरागस म्हणतात तेव्हा मला राग येतो. त्यांनी मुलांच्या गोष्टी वाचलेल्या नसतात. मुलं पडण्याला हसतात, मार खाण्याला हसतात, फजितीला तर पोट धरून हसतात. दया दाखवायची त्यांना घाई नसते. मला ते आवडतं.

ही गोष्ट कुंडलच्या पुढच्या एका गावातून आली होती. सहावीतल्या मुलीची, गोल अक्षरात लिहिलेली. सुरुवात अशी : "एका गावात दोन शेतकरी होते. त्यांची विहीर एक होती पण त्यांचे बोलणे बंद होते. म्हणून ते म्हशीशी बोलत."

पहिला म्हणतो, म्हशे, त्याला सांग मोटार बंद कर. म्हैस मान वळवून दुसऱ्याकडं बघते. दुसरा म्हणतो, म्हशे, त्याला सांग आज माझी पाळी आहे. म्हैस पुन्हा मान वळवते. असं दिवसभर चालतं. म्हशीला वैरण खायला उसंत मिळत नाही. तिचं दूध आटतं. दूध कुणामुळं आटलं यावर दोघांचं भांडण होतं, तेही म्हशीमार्फत. मग डॉक्टर येतात आणि सांगतात की हिची मान इकडून तिकडं करून आखडली आहे, पट्टा लावा. उंच नटानं दुकानातला सगळ्यात मोठा पट्टा आणला. तो माझ्या गळ्याला झाला, म्हशीच्या मुखवट्याला झाला नाही, म्हणून मास्तरांनी दोन पट्टे जोडले.

पुढं गोष्ट अशी होती : "एक दिवस म्हशीला सांगलीला शिकायला जायचे होते. तिचा नंबर लागला होता. तिने दोघांना विचारले. पहिला म्हणाला, म्हशे, त्याला सांग म्हैस जाणार नाही. दुसरा म्हणाला, म्हशे, त्याला सांग बरोबर आहे. या एकाच गोष्टीवर त्यांचे एकमत झाले. म्हैस अजून तिथेच आहे. तात्पर्य : वीज वाचवा."

तालमीत आम्ही इतके हसलो की ढोलकीवाल्याला उचकी लागली. म्हशीचा नंबर लागतो ही कल्पनाच मला फार आवडली. बऱ्याच दिवसांनी चांगली भूमिका मिळाली म्हणून मी खूश होते. मान वळवण्याचा सराव मी घरी आरशासमोर करायची. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही गोष्ट रचलेली नसेल. आम्ही शहरात राहतो, आमच्या भिंतींना भिंती लागून आहेत, पण आमच्या विहिरी सामाईक नाहीत.

प्रयोग जूनमध्ये, शाळा उघडल्यावर ठरला. वेळ दुपारी चारची. आम्ही पोचलो तेव्हा मैदानात मांडव घातलेला होता, सतरंज्या अंथरल्या होत्या आणि वर्गासमोरच्या ओट्याचं स्टेज झालं होतं. समोर तीन खुर्च्या, मधली जरा लहान. मुख्याध्यापक फार आनंदात होते. म्हणाले, "दोन प्रमुख पाहुणे केलेत, दोघं सख्खे भाऊच. एक शाळा समितीचे अध्यक्ष, दुसऱ्यांनी मांडव दिलाय. एकाला बोलावलं आणि दुसऱ्याला नाही, असं आमच्या गावात चालत नाही. आणि मधे लेखिका." त्यांनी गोष्ट वाचलेली नव्हती. वर्गशिक्षिकेनं परस्पर पाठवली होती आणि मुख्याध्यापकांना कार्यक्रमात रस होता, साहित्यात नव्हता.

मी मुखवटा घेऊन सातवीच्या वर्गात तयार व्हायला गेले. वर्गशिक्षिका तिथंच उभ्या होत्या, तिशीच्या आतल्या, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडालेला होता.

"मॅडम, एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "ते बाहेर बसणार आहेत ना दोघं, ते शेतकरी तेच आहेत."

"कुठले?"

"गोष्टीतले. थोरला तिचा बाप, धाकटा तिचा चुलता. आणि म्हैस... म्हैस ती स्वतः आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भावांचं बोलणं बंद झालं तेव्हा मुलगी नुकती बोलायला लागली होती. कशावरून फाटलं ते गावात कुणी नक्की सांगत नाही. कुणी म्हणतं मोटारीचा स्टार्टर जळला त्यावरून, कुणी म्हणतं त्याच्या आधीपासूनच धुसफूस होती. जमीन वाटली गेली, घरं वेगळी झाली, पण विहीर आणि मोटार वाटता येईना. शेतीच्या विजेचं तर विचारूच नका. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कुणी आधी उसाला पाणी द्यायचं, मोटार कधी बंद करायची, कुठं पाइप फुटला, हे रोज सांगावं लागतं. ते ही मुलगी सांगते. शाळेत यायच्या आधी एक फेरी, गेल्यावर दुसरी, आणि दोघं समोरासमोर उभे असले तरीसुद्धा हिलाच मधे उभी करून बोलतात.

मी म्हटलं, "अहो, मोबाइल आहेत की."

"फोन केला म्हणजे बोलणंच झालं ना मॅडम. आधी ज्यानं केला तो हरला. मेसेजचंही तेच. निळी खूण आली की वाचल्याचं कळतं, आणि वाचलं म्हणजे मानलं."

"आणि बायका?"

"जावा-जावा चांगल्या बोलतात. पण बायकांच्या तोंडून गेलेला निरोप हे धरत नाहीत. लेकराच्या तोंडचं ऐकलं तर कमीपणा नाही, असं आहे. चुलत्याचा मुलगा मिलिटरीत भरती झाला. घरात आता लेकरू म्हणजे ही एकच."

नंबर लागल्याचंही खरंच होतं. सांगलीच्या एका वसतिगृहाच्या शाळेची परीक्षा या बाईंनीच तिला बसायला लावली होती. ती पास झाली. राहणं-जेवण फुकट. सोमवारी हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाणार. बाई दोनदा घरी जाऊन आल्या. बाप म्हणाला, अजून लहान हाय, बघू फुडच्या वर्षी. चुलता म्हणाला, त्यांची पोरगी, त्यांनी बघावं, आमी कोण. आईनं चहा देताना हळूच विचारलं, "बाई, ती गेली तर ह्यांच्यात बोलणार कोण?" आई हे थट्टेनं बोलली नव्हती. तिला खरोखर तीच चिंता होती.

मला आधी बाईंचा राग आला. आम्हाला न सांगता त्यांनी आमच्या हातात हे दिलं होतं. मग वाटलं, सांगितलं असतं तर आम्ही दुसरी गोष्ट निवडली असती. कारण आम्ही हास्यविनोद करणारी माणसं आहोत, आणि फार भित्री आहोत.

मास्तरांना बोलावलं. नटही आले. ऐकून उंच नट म्हणाला की आपण टँकरची मेंढी करू, सगळ्यांचं पाठ आहे. बुटका म्हणाला की त्याचा घसा आत्ताच बसला. नियम मास्तरांचाच होता, पण गावात मार खायची वेळ आली तर त्यांच्या वयाला तो झेपणार नव्हता. शेवटी ते म्हणाले, "लेखिकेला विचारा."

मुलगी आली. नवा ड्रेस, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, अंगानं काटकुळी. मास्तरांनी तिला विचारलं, "बाळ, तुझे वडील आणि काका समोर बसणार. आम्ही हीच गोष्ट करू, की दुसरी?"

"हीच करा की. मी लिवलीया."

"त्यांना राग आला तर?"

ती म्हणाली, "कशानं? म्हस हाय ती."

हे ती भोळेपणानं म्हणाली की पक्की होती म्हणून, ते मला त्या वेळी कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. मास्तर म्हणाले, चला, तयार व्हा.

मुखवट्याच्या नाड्या बांधायला मला कुणीतरी लागतं. त्या दिवशी तिनंच बांधल्या. गाठ छान मारली, रोज जनावरं बांधणाऱ्या हाताची. मी तिला विचारलं, "सांगलीला जायचंय होय तुला?"

"व्हय."

"का गं? तिथं ओळखीचं कुणी नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तितं कोण म्हणायचं न्हाई, जा, सांग."

आतापर्यंत मला ती भूमिका मजेची वाटत होती. आता मला ती नीट करायची होती.

आमच्या म्हशीच्या मुखवट्याला डोळे रंगवलेले आहेत, बघायचं तोंडातून. त्यामुळं मला समोरचं फार थोडं दिसतं, पण जे दिसतं ते अगदी चौकटीत दिसतं. माझ्या चौकटीत त्या तीन खुर्च्याच होत्या. डावीकडं थोरला, पांढरा शर्ट, फेटा. उजवीकडं धाकटा, तसाच शर्ट, तसाच फेटा. मुख्याध्यापकांनी दोघांना एकाच गठ्ठ्यातले फेटे बांधले होते. चेहरेही इतके सारखे की मधल्या पोरीनं कुठंही मान वळवली तरी तोच माणूस दिसावा. मागं गाव बसलं होतं. मंडपाच्या कडेनं बायका उभ्या होत्या.

ढोलकी वाजली. दोन नट दोन बाजूंनी आले, विहिरीपाशी उभे राहिले आणि एकमेकांकडं पाठ केली. मी मधे रवंथ करत बसले.

"म्हशे, त्याला सांग, मोटार बंद कर."

मी मान वळवली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आयला," आणि हशा फुटला. असा हशा मी आजवर ऐकला नाही. गोष्ट मजेशीर आहे म्हणून तो हशा नव्हता. इतकी वर्षं जे बघून गप्प बसावं लागलं होतं त्याचा तो हशा होता. आणि माणसं स्टेजकडं बघत नव्हती, खुर्च्यांच्या पाठीकडं बघत होती.

थोरल्याला कळलं असावं. तो ताठ बसला. धाकट्याला कळायला थोडा वेळ लागला आणि त्याला हसू आलं. त्याच्या मिशा हलल्या. हशा जरा ओसरताच थोरला मुलीच्या कानाशी वाकला. माझ्यापासून ते दहा फुटांवर होते, मला स्वच्छ ऐकू आलं.

"तुज्या काकाला सांग, हसू नगं म्हणावं."

मुलगी दुसरीकडं वाकली. "पप्पा म्हणत्यात, हसू नगा."

"तुज्या पप्पाला सांग, हसत न्हाई. ठसका लागलाय."

ती पुन्हा इकडं वाकली. इकडं स्टेजवर मीही मान वळवत होते. मागच्या माणसांना दोन्ही एकदम दिसत होतं, स्टेजवरची म्हैस आणि खुर्चीतली पोरगी, आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आमचे नट मात्र आता रंगात आले होते. हशा मिळाला की भित्रा नटही वाघ होतो.

दूध आटलं, डॉक्टर झाला, पट्टा झाला. मग ते आलं. उंच नट माझ्याजवळ बसला आणि त्यानं गोष्टीतलं वाक्य मोठ्यानं म्हटलं, "एक दिवस म्हशीला सांगलीला शिकायला जायचे होते. तिचा नंबर लागला होता."

बायका गप्प झाल्या. पुरुष मागोमाग गप्प झाले. गावाला नंबराची बातमी होतीच.

"म्हशे, त्याला सांग, म्हैस जाणार नाही."

मी मान वळवली. पट्ट्यामुळं ती सावकाश वळली.

"म्हशे, त्याला सांग, बरोबर आहे."

मी परत मान वळवली. मधल्या खुर्चीत पोरगी बसलेली दिसत होती, मांडीवर हात, ओठ हलवत. प्रत्येक वाक्य ती आमच्याबरोबर म्हणत होती. "या एकाच गोष्टीवर त्यांचे एकमत झाले." नटांनी हात मिळवले. मास्तरांनी ते तालमीत घातलं होतं, की इथं हमखास हशा मिळेल. कुणी हसलं नाही. आम्ही चौघं ओळीनं उभे राहिलो आणि तात्पर्य म्हटलं, वीज वाचवा. दोन लहान पोरं हसली, त्यांच्या आयांनी त्यांना गप्प केलं.

मुख्याध्यापकांना काहीतरी चुकल्याचं एव्हाना कळलं होतं, पण कार्यक्रमपत्रिका त्यांच्या हातात होती आणि ती सोडली तर त्यांना आधार नव्हता. त्यांनी लेखिकेला ओट्यावर बोलावलं, हार घातला. मग वायर ओढत माईक खाली नेला आणि थोरल्याच्या हातात दिला. "अध्यक्षसाहेब दोन शब्द बोलतील."

थोरला म्हणाला, "कार्येक्रम चांगला झाला." आणि माईक परत केला.

मुख्याध्यापकांनी तो धाकट्याला दिला. तो उठला नाही. माईक तोंडाशी धरून बराच वेळ खाली बघत राहिला. कर्ण्यातून त्याचा श्वास सगळ्या मैदानात ऐकू येत होता. मग तो सवयीनं, जसं रोज विहिरीवर म्हणत असेल तसं म्हणाला :

"पोरी, तुज्या पप्पाला सांग. सोमवारी तुला सांगलीला सोडून ये म्हणावं."

कर्णा शाळेच्या छपरावर होता. निरोप गावाच्या टोकापर्यंत गेला. तरीही मुलगी हारासकट ओट्यावरून खाली उतरली, बापासमोर गेली आणि म्हणाली, "काका म्हणत्यात, सोमवारी मला सोडून या."

बापानं तिच्याकडं बघितलं नाही. "त्येला सांग, मग पान्याचं कोण सांगनार?"

ती दोन पावलं सरकून चुलत्यासमोर गेली. "पप्पा म्हणत्यात, पान्याचं कोण सांगनार?"

त्याच्या हातातला माईक खाली आला होता. तो तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत म्हणाला, "मी सांगीन की, दादा."

त्याचं त्यालाच उशिरा कळलं असावं. तोंडातून शब्द गेल्यावर तो एकदम दचकल्यासारखा झाला. मी मुखवटा काढायचा विसरले होते. त्या तोंडातून मला तिघंच दिसत होते.

थोरल्यानं नेहमीसारखं मुलीला जवळ बोलावलं. "सांग त्येला," तो म्हणाला, आणि त्याला पुढं काही सुचेना.

"काय सांगू?" तिनं विचारलं.

"काय न्हाई." त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. "तू जा शिकायला. आमचं आमी बघतो."

ती तशीच उभी राहिली. हे घेऊन काकाकडं जायचं की नाही, ते तिला कळत नव्हतं. चुलत्याकडं बघितलं, तो मान हलवून नाही म्हणाला. बापाकडं बघितलं, तोही काही सांगेना. हातात निरोप नाही असं तिला बहुधा कधी उभं राहावं लागलं नव्हतं. ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि गळ्यात हार तसाच घेऊन मोठ्यानं रडायला लागली.

दोघं एकदमच उठले. सतरंजीवर लहान पोरं दाटीनं बसलेली, ओट्याकडं जायला वाट एकच आणि ती एका माणसापुरती. दोघं तिथं खांद्याला खांदा लागून अडकले.

"सरक की जरा," थोरला म्हणाला, आणि धाकटा सरकला.